उष्टी ओळ

१

कामाच्या खोलीचा दिवस एका आवाजानं सुरू व्हायचा. बायका आल्या, चपला दाराशी सुटल्या, चौकटी मांडीवर आल्या, की गप्पा रंगायच्या आधी थोडी शांतता पसरायची, आणि त्या शांततेत कुठून तरी यायचं: चुप्. मग पलीकडच्या बाकावरून, चुप्. मग सगळीकडून. प्रत्येक बाई लोकरीच्या दोऱ्याचं टोक ओठांत धरायची, जिभेनं घोळवायची, चोखून अणकुचीदार करायची आणि सुईत ओवायची. इथे याला 'उष्टं करणं' म्हणत. "जरा हा उष्टा करून दे गं, मला नेढं दिसत नाहीये," असं एखादी शेजारणीला खुशाल म्हणायची, आणि शेजारीण आपल्या तोंडातला दोरा बाहेर काढून तिचा तोंडात घ्यायची.

चिऊला ते बघवत नसे. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहायची आणि आवाज थांबायची वाट पाहायची.

चिऊ म्हणजे मालकीणबाईंची भाची. तिचं खरं नाव कागदोपत्री. आत्यानं पाळण्यात असताना ठेवलेलं हे नाव मात्र तिला असं चिकटलं की समुद्रापलीकडे जाऊन कापडाची विद्या शिकून आली तरी सुटलं नाही. बायका आत्याला मोठ्या बाई म्हणत, म्हणून ही आपोआप छोट्या बाई झाली होती.

कारखाना म्हणायचा इतकंच. एक लांबट खोली, दोन्ही अंगांना खिडक्या, मागे आत्याची खोली, आणि त्यापलीकडे हात धुवायची जागा. काम एकच, बार्जेलो भरत. जाळीच्या जाड कापडावर लोकरीचे उभे टाके घालायचे. प्रत्येक टाका शेजारच्यापेक्षा दोन घरं वर नाहीतर दोन घरं खाली. टाके असे चढत चढत शिखराला जातात, उतरत उतरत तळाला येतात, आणि कापडभर ज्वाळा पेटल्यासारख्या दिसतात. बायका याला नुसतं चढउतार म्हणायच्या. यातली सगळी गोम पहिल्या ओळीत असते. ती एकदा पडली की खालच्या प्रत्येक ओळीला निमूटपणे तिच्यामागे जावं लागतं. बदलते ती फक्त छटा. म्हणून पहिली ओळ कायम आत्या घालायची, आणि बाकीच्या तिच्याखाली भरत जायच्या.

चिऊ परत आली ती चांगली चालून आलेली नोकरी लाथाडून. पहिल्याच दिवशी ती आत्यासमोर उभी राहून घडाघडा बोलली होती. "हे काम मरू द्यायचं नाही, आत्या. आणि तुझ्या एकटीच्या जिवावर चालवायचंही नाही. इथे मालक-नोकर काही नको. सगळ्यांच्या हातचं आहे, तर सगळ्यांचं असू दे. आपण सगळ्या एक."

आत्यानं तोंडावर रुमाल धरून सगळं ऐकून घेतलं. बोलताना ती नेहमीच रुमाल धरायची. दातांचं काहीतरी जुनं दुखणं आहे, असं घरात म्हणत. जेवायचीही दार लावून, एकटी.

"वाचनालयाच्या खुर्च्यांच्या बैठकांचं भरतकाम हातात आहे," रुमालाआडून ती म्हणाली. "ते वेळेत गेलं तर ही जागा आपल्याकडे राहील. नाही गेलं तर घरमालक टपलेलाच आहे, महिना संपायच्या आत सगळ्या घरी बसतील. गेलं, तर किल्ल्या तुझ्या. मग तुला काय हवी ती क्रांती कर. फक्त एक. शेवटच्या खुर्चीची पहिली ओळ तू घालायचीस. आपल्या पद्धतीनं."

"आपल्या पद्धतीनं म्हणजे?"

रुमाल जरासा आत ओढला गेला. चुप्.

चिऊनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

२

वाचनालयाच्या खुर्च्यांचे रंग चिऊनं निवडले. उत्तरेकडच्या खिडकीखाली पांढरा कागद अंथरून तिनं लोकरीच्या लडी एकीला एक लावून मांडल्या. आधी शाईचा गडद निळा. मग दिवेलागणीच्या आभाळाचा. मग खूपदा धुतलेल्या चादरीचा. मग दुधावरची साय बाजूला केली की खाली दिसतो तो, असून नसल्यासारखा. शेवटी स्वच्छ पांढरा.

"छटांमध्ये उडी नको," ती बायकांना सांगत होती. तिचा चेहरा फुलला होता. "डोळा घसरत आला पाहिजे, वरून खाली, कुठे ठेच न लागता. बसणारा माणूस वाचायला बसणार आहे, त्याचं मन निवलं पाहिजे."

"निवेल की," बडबडी म्हणाली. तिला बडबडी का म्हणत ते सांगायला नको. "इतका गारठा आहे यात, की माणूस शाल घेऊनच येईल वाचायला."

खोली हसली. चिऊही हसली. हसण्याची ही संधी साधून तिनं मनातलं बोलून टाकलं. थुंकीनं सुया गंजतात. लोकर कुबट होते, कसर लागते. एकीचं दुखणं दुसरीला जातं. आणि मुख्य म्हणजे, इतकं देखणं काम असं थुंकी लावून करणं हा कामाचा अपमान आहे. म्हणून आजपासून दोरा तोंडात घालायचा नाही. तिनं प्रत्येकीपुढे पाण्याची वाटी ठेवली आणि सुई ओवायचा तारेचा फास दिला.

"कुत्र्याला साखळी घालतात तसा आहे हो," चष्मेवाली फास उलटसुलट करत म्हणाली. खोलीतली ती सगळ्यात जुनी. तिचा चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त असायचा.

"मावशी, सवय होईल."

"होईल, होईल. सवय कशाची होत नाही?"

खिडकीत काचेची एक मोठी बरणी होती. दोऱ्याचं चोखलेलं टोक पिंजलं की ते कातरून बायका त्या बरणीत टाकायच्या. किती काळाचे तुकडे होते देव जाणे. चिऊनं नाक चिमटीत धरून ती मागच्या दारी नेली आणि उपडी केली. आतला गोळा बरणीच्याच आकाराचा, अखंड बाहेर आला. वरून वाळलेला, करडा. तिनं काठीनं ढोसला तर काठी आत गेली. बाहेर काढली तेव्हा ती ओली होती, आणि काठीपासून गोळ्यापर्यंत एक तार लोंबत होती. लाळेची असते तशी.

तिथेच भिंतीला धरून ती ओकली. नंतर तिनं स्वतःला समजावलं. दमट जागा, जुनी लोकर, आत ओल धरणारच. यात काय एवढं?

३

शेवटच्या खुर्चीखेरीज सगळ्या चौकटी एकाच वेळी भरत आल्या होत्या. त्यातली पहिली पुरी झाली तेव्हा चिऊनं ती भिंतीला टेकवून ठेवली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिलं. हे तिचं जुनं वळण. जवळून टाके दिसतात, लांबून काम दिसतं.

ज्वाळा उठल्या होत्या. निळाई वरून खाली उतरत येत होती, अगदी तिनं मांडली होती तशी. तळाशी, सायीखालच्या निळ्यावरून पांढऱ्यावर जाताना मात्र डोळ्याला ठेच लागली.

मध्ये एक ओळ होती. गुलाबी म्हणावी तर गुलाबी नव्हे. पिवळी म्हणावी तर तीही नव्हे. हा रंग आपण कुठेतरी रोज बघतो, असं तिला वाटलं, आणि ती ओळख काही बरी वाटेना.

"ही लोकर कुठून आली?"

बडबडीनं मान वर केली. "कुठली?"

"ही. ही ओळ."

"तुम्हीच दिलीत की, छोट्या बाई. आम्ही काय घरून आणतो का लोकर? घरी नवऱ्याच्या मोज्याला ठिगळ लावायला दोरा सापडत नाही."

चिऊनं कपाट उपसलं. लडी तेवढ्याच, त्याच. मग तिनं शिकलेलं आठवलं. निळ्याशेजारी बराच वेळ पांढरं पाहिलं की डोळा पांढऱ्यात तांबूस झाक भरतो. डोळ्यांना अशी खोड असते, वर्गात यावर तिनं स्वतः छान बोलून दाखवलं होतं. तिनं कागदाला भोक पाडून फक्त ती ओळ उघडी ठेवली.

रंग गेला नाही. तिनं बोट लावलं. बाकीची लोकर कोरडी, खरखरीत होती. ही ओळ गुळगुळीत होती. ओशट. आणि खिडकीतलं ऊन जाऊन बराच वेळ झाला होता तरी कोमट.

तिनं बोट पुसलं. मग धुतलं. मग हुंगलं. सकाळी उठल्यावर, चूळ भरायच्या आधी तोंडाला येतो तो वास.

घरी जाऊन दात घासताना तिनं आरशात ओठ वर ओढला, आणि तो रंग कुठे पाहिला होता ते तिला समजलं. हिरडीवर फेस तसाच राहिला आणि ती कितीतरी वेळ ब्रश हातात धरून उभी होती.

४

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीआधी सहज म्हणून बाकांमधून फिरली. वाट्यांतल्या पाण्यावर धुळीची साय धरली होती. तारेचे फास होते तसे, नवेकोरे. आवाज मात्र येत नव्हता. बायकांनी तो गिळायला सुरुवात केली होती.

ती चष्मेवालीच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारीनं पांढऱ्या लडीतून एक दोरा ओढला, आणि छोट्या बाई शेजारी आहेत हे विसरून, अगदी सवयीनं, तोंडात घातला. गाल आत गेले. गळा हलला. मग तिनं दोरा बाहेर काढायला सुरुवात केली, आणि तो त्या रंगाचा होता. सगळा. टोकच तेवढं आत गेलं होतं, हे चिऊनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दोरा येतच होता, हातभर, मग आणखी, चकाकणारा, मऊ, ओठांच्या कोपऱ्याला चाटत.

"मावशी, तोंड उघडा."

"आं?" चष्मेवालीनं ओठ मिटले. डोळे मिश्किल झाले. "माझे दात मोजून काय करता? स्थळ बघताय का कुठलं?"

सगळ्या खदखदल्या. ओठ मिटून. चिऊला एकदम जाणवलं की या खोलीतल्या सगळ्याच हसताना ओठ मिटून हसतात. आजवर तो तिला नुसता लाजाळूपणा वाटला होता.

ओली लोकर गडद दिसते, तिनं मनाशी घोकलं. ओली लोकर ताणली की लांबते. हे शिकलेल्या माणसाला सांगावं लागतं का? आणि रागाच्या भरात तिनं भिंतीशी ठेवलेली खुर्चीची चौकट उचलली, उलटी केली. ती नको असलेली ओळ उसवून टाकायची आणि विषय संपवायचा.

भरतकामाची पाठ कधी खोटं बोलत नाही. पुढून कितीही सफाई असो, दोरा कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, ती टोकं मागे दडवलेली सापडतातच. निळ्या ओळींची सापडली. या ओळीला टोक नव्हतं. ना सुरुवातीला, ना शेवटाला. मागच्या बाजूला ती नुसती वर-खाली, वर-खाली जात होती, कापडाच्या कडेपर्यंत, आणि कडेला जाळीत शिरत होती.

चिऊनं नखानं एक टाका उचलून ओढला. तो लोकरीसारखा सुटला नाही. ताणला गेला आणि परत आपल्या जागी बसला. आत काहीतरी धरून असल्यासारखा.

तिनं कात्री घातली.

"स्स्!"

तो आवाज एकीचा नव्हता. ती वळली. साऱ्या खोलीत हात गालांवर गेले होते. बडबडीचे डोळे पाण्यानं भरले होते. चष्मेवाली जीभ कुठेतरी आत फिरवत होती, जेवताना जीभ चावली की माणूस फिरवतो तशी, हळू, चाचपत.

कात्रीच्या पात्यावर ओलं काहीतरी होतं. रक्त नव्हतं. रक्त असतं तर चिऊला बरं वाटलं असतं.

५

हातातल्या चौकटींच्या शेवटच्या ओळी कशाबशा पुऱ्या झाल्या, आणि मग काम बसलं. बायका येत, चौकटी मांडीवर घेत आणि नुसत्या बसून राहत. काय झालं विचारलं तर सगळ्यांचं एकच: तोंड आलंय. बोलवत नाही, गिळवत नाही. बडबडी गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्यानं खोली ओसाड वाटत होती.

वाचनालयातून माणूस येऊन गेला. दारातूनच म्हणाला, "शेवटची खुर्ची तेवढी राहिली ना? ती नसली तर आम्ही काहीच घेणार नाही, आधीच सांगतो. अर्धी रांग एक आणि अर्धी भलतीच, असं चालत नाही." घरमालकाचा माणूस तर भिंती मोजूनच गेला.

चिऊनं शेवटच्या खुर्चीचं कापड स्वतः घेतलं. आपल्या पद्धतीनं करून दाखवते, ती मनाशी म्हणाली. तारेच्या फासानं कोरडा दोरा ओवला. घरं मोजत, जीव ओतून तिनं पहिली ओळ घातली. शिखरं सारखी, दऱ्या सारख्या. हात लावून पाहिलं तर सगळे टाके घट्ट. ती चहा पिऊन आली तोवर ओळ सैल पडून लोंबत होती. पुन्हा घातली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर तिच्या समोर, एकेक टाका जाळीतून असा मागे सरकला की जणू कुणी नको असलेला घास जिभेनं बाहेर ढकलतंय.

ती आत्याच्या खोलीत गेली. जेवणाची वेळ होती, दार लावलेलं होतं. आतून मऊ, ओलसर आवाज येत होता. तिनं दार वाजवल्यावर तो थांबला, आणि बऱ्याच वेळानं कडी निघाली. आत्याच्या तोंडावर रुमाल होता.

"आत्या, हे काय आहे?"

"काम आहे, बाळा."

"त्या बायकांच्या तोंडात काय आहे?"

"तुझी मावशी लागते ती चष्मेवाली. आणि बडबडीनं तुला लहानपणी कडेवर फिरवलंय. त्या बायका काय म्हणतेस?" आत्या दमून बसली. "मला किळस आली नसेल असं वाटतं तुला? तुझ्याएवढी होते. माझ्या सासूबाईंनी दोरा उष्टा करून माझ्या हातात दिला, आणि मी मागच्या दारी जाऊन आतडी बाहेर येईपर्यंत ओकले. मग आले, आणि घातली ओळ."

"का?"

"बाहेर सगळ्या बसल्या होत्या ना वाट बघत."

चिऊनं दारातून बाहेर पाहिलं. सगळ्या बसल्या होत्या. सुजलेले गाल, मिटलेले ओठ. मांडीवरच्या रिकाम्या चौकटी. हिच्यासाठी नोकरी सोडली, तिच्यासाठी सोडली, या सगळ्यांसाठी सोडली.

"तूच म्हणालीस ना," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट कौतुकच होतं, "आपण सगळ्या एक."

६

तिनं नवीन लड घेतली. शाईच्या गडद निळ्याची, कागदात गुंडाळलेली, कुणाच्या हाताला न लागलेली. हे तिनं मुद्दाम केलं. एकच दोरा, एकदाच. जगभर बायका सुई ओवताना दोरा ओला करतात. तिची स्वतःची आईसुद्धा शर्टाचं बटण लावताना करते. यात एवढं काय आकाश कोसळणार आहे? खोली राहील, किल्ल्या मिळतील, मग उद्यापासून वाट्या, फास, डॉक्टर, सगळं नीट करता येईल. आधी हातात तर येऊ दे.

भर दुपारची वेळ होती. दक्षिणेकडच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

तिनं टोक ओठांत धरलं.

आधी फक्त लोकर होती, कोरडी, खाजरी. मग जीभ लागली आणि चव आली. कालच्या अन्नाची. औषधाची. किडक्या दाताची. सुपारीची, जी तिनं आयुष्यात खाल्ली नव्हती. कुणाच्या तरी सर्दीची. एकाच वेळी कितीतरी तोंडं तिच्या तोंडात आली आणि आपापली जागा शोधून बसली. तिनं दोरा ओढला.

तो आला नाही. वर, टाळूच्या मागे, कशाला तरी अडकला होता.

"ओढायचं नाही," चष्मेवाली हलकेच म्हणाली. "आपसूक येतो."

चिऊनं डोळे मिटले. नाकानं श्वास घेतला. दोरा सुटला आणि येत राहिला, तिला संपेल असं वाटलं तेव्हाही येत राहिला. डोळे उघडले तेव्हा तो सुईत ओवलेला होता, निळाच होता, फक्त खोल, ओला, जिवंत निळा, तिनं कधी कुठल्या दुकानात पाहिला नव्हता असा.

तिनं ओळ घातली. आणि ही गोष्ट तिला सगळ्यात लाजिरवाणी वाटली: तिच्या हातून आजवर इतकं सुंदर काम झालं नव्हतं. घरं मोजावी लागली नाहीत. सुई स्वतःच वाट काढत होती. वर, वर, शिखर, आणि खाली. टाका जाळीत बसताना जीभ टाळूला लावल्यासारखा हलका आवाज यायचा. शेवटचा टाका पडला आणि ओळ हलली नाही. घट्ट, नितळ, कोमट.

खोलीत एकच गलका झाला. बडबडीला वाचा फुटली. "बघा! मी म्हणाले होते, हात मोठ्या बाईंचाच आहे!" कुणी चिऊची पाठ थोपटली, कुणी कानशिलावर बोटं मोडली. आत्या दारात उभी होती. आनंदानं तिचा हात खाली आला, रुमाल बोटांतून सुटला, आणि चिऊच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ती मान मागे टाकून, तोंड भरून हसली.

ऊन थेट तिच्या तोंडात पडलं.

चिऊनं जे पाहिलं ते क्षणभरच. वरचे दात होते. दातांच्या मागे, जिथे माणसाच्या टाळूला चार नैसर्गिक वळ्या असतात, तिथे वळ्या नव्हत्या. तिथे ओळी होत्या. शिखर, दरी, शिखर, दरी, छटेखाली छटा, पार मागे अंधारात गेलेल्या. कितीतरी जुन्या, विटलेल्या. आणि अगदी खाली, दातांना लागून, निळ्या.

आत्यानं तोंड मिटलं. कमरेच्या किल्ल्या काढून चिऊच्या हातावर ठेवल्या.

७

हात धुवायच्या जागी चिऊनं नळ पूर्ण सोडला. चूळ भरली, थुंकली. पुन्हा भरली. साबण बोटावर घेऊन जीभ घासली. थुंकी स्वच्छ होती. दोरा नाही, रंग नाही, काही नाही. तोंडाला आता कसली चवही नव्हती. मी दमले आहे, ती म्हणाली. ऊन होतं, पोट रिकामं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात कवळी असू शकते, कवळीला तारा असतात.

भिंतीवर छोटासा आरसा होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली, आणि नको नको म्हणत जीभ वर नेली.

टाळू ओलसर, गुळगुळीत होती, नेहमीसारखी. तिनं जीभ मागे नेली. तिथे तिला ती लागली. फक्त एक ओळ. वर, वर, शिखर, आणि खाली. टाके अगदी सारखे. तिच्या हातचे. तिच्याखाली दातांपर्यंत सगळी जागा अजून मोकळी होती.

एका कडेला, जिथे ओळ संपत होती, तिथे टोक मात्र नव्हतं. तिनं जिभेनं दोन-दोनदा चाचपलं.

"छोट्या बाई!" बाहेरून हाक आली. "अहो, या ना, खोळंबलोय सगळ्या!"

ती बाहेर आली. शेवटच्या खुर्चीची चौकट बडबडीच्या मांडीवर होती. बाकीच्या आपापल्या जागी बसल्या होत्या, गालांची सूज उतरली होती, चेहरे हसरे होते. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून पडली होती, पुष्कळ दिवसांनी सुट्टी मिळाल्यासारखी.

"दुसऱ्या ओळीला कुठली छटा घेऊ?" बडबडीनं विचारलं. सुई तिनं उचललेलीच होती.

कुठलीच नको, चिऊला सांगायचं होतं. ती चौकट खाली ठेवा. कापड जाळा. खोली जाऊ दे, घरमालकाला घेऊ दे, आपण सगळ्या कुठेतरी दुसरीकडे, दुसरं काहीतरी करू. पण त्यासाठी तोंड उघडावं लागलं असतं. खिडक्यांतलं ऊन अजून सरलं नव्हतं, आणि सगळ्या माना वर करून तिच्याकडे पाहत होत्या. प्रेमानं पाहत होत्या. फक्त तिच्या डोळ्यांकडे कुणी पाहत नव्हतं, सगळ्यांची नजर तिच्या ओठांवर होती.

टेबलावर आत्याचा रुमाल होता. चिऊनं तो उचलला आणि तोंडावर धरला. तो ओला होता.

"दिवेलागणीच्या आभाळाची," ती रुमालाआडून म्हणाली.

"बरं बाई." बडबडीनं लडीतून दोरा ओढला आणि टोक ओठांत घेतलं.

चुप्.

वरती, टाळूला, पहिल्या ओळीच्या अगदी खाली, चिऊला सुई टेकल्याचं कळलं. दुखलं नाही. दोरा तिच्यातून हळू सरकत गेला, घट्ट झाला, आणि बडबडी पुढच्या घराकडे वळली.

चिऊ रुमाल धरून उभी राहिली, आणि किळस येण्याची वाट पाहू लागली.